नाव तेच, पत्रा पातळ

वाचकांचे प्रश्न : स्वयंपाकघरातली भांडी आणि यंत्रं

या वेळच्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे. आईच्या, सासूबाईंच्या काळातला कुकर, मिक्सर, ताटं अजून चालू आहेत आणि त्याच नावाची नवी वस्तू वर्षभर धड चालत नाही. तक्रार खरी आहे. पत्रा पातळ झालाय, धातूच्या जागी प्लॅस्टिक आलंय, सुटे भाग मिळेनासे झालेत. पण काही ठिकाणी दोष वापरण्यातही आहे, आणि तो वेगळा काढल्याशिवाय पुढची खरेदी सुधारणार नाही. पत्रांतली कंपन्यांची आणि दुकानांची नावं काढून टाकली आहेत.

प्रश्न : लग्नातला पाच लिटरचा ॲल्युमिनियमचा कुकर २२ वर्षं वापरला. गेल्या दिवाळीत त्याच कंपनीचा, त्याच मापाचा नवा आणला. सहा महिन्यांत हँडल डुगडुगायला लागलं. आता शिट्टी होईना झालीय, वाफ सगळी कडेनं जायलीय. बूडही फुगलंय, शेगडीवर ठेवलं की गरकन फिरतं. दुकानदार म्हणतात रिंग बदला. दोन रिंगा बदलून झाल्या. – एक गृहिणी, जुळे सोलापूर

उत्तर : दोन रिंगा बदलूनही वाफ कडेनंच जातेय, म्हणजे दोष रिंगेत नसून काठात असणार. बाहेरून झाकण बसणारा कुकर असेल तर घरीच तपासता येतं. भांडं रिकामं आणि कोरडं करून ग्रॅनाइटच्या ओट्यावर पालथं घाला. हँडल ओट्याच्या कडेबाहेर राहू द्या, म्हणजे काठ पूर्ण टेकेल. आता वहीच्या कागदाची पट्टी काठाखाली सरकवत गोल फिरवा. जिथं पट्टी सहज आत जाते तिथं काठ वाकलाय. मग नखानं काठावरून एक फेरी मारा. नख अडकलं तर तिथं खाच आहे. अशा खाचा बहुतेक घरांत एकाच सवयीनं पडतात : वरण ढवळून झालं की पळी कुकरच्या काठावर आपटून झटकतात. जुन्या जाड काठानं ती सवय पचवली, नवा पातळ काठ पचवत नाही. खाचेवर नुसती धातूची कुसळं उभी असतील तर शून्य नंबरच्या पॉलिश पेपरनं हलक्या हातानं घासा. कानस लावू नका. कानशीनं काठ खोलगट होतो आणि मग कुठलीच रिंग बसत नाही.

बुडाचं कारण वेगळं. जुना कुकर फक्त गॅससाठी होता. आताच्या बऱ्याच कुकरना इंडक्शनवर चालावेत म्हणून बुडाला चुंबक धरणाऱ्या स्टीलची चकती दाबून बसवलेली असते. तापल्यावर ॲल्युमिनियम या स्टीलच्या दुपटीहून जास्त पसरतं. कुकरमध्ये पाणी आहे तोवर बूड फारसं तापत नाही, पण एकदा पाणी आटून कोरडा तापला की दोन धातूंची ओढाताण होते आणि बूड फुगतं किंवा चकती सुटते. तापलेल्या रिकाम्या कुकरवर गार पाणी ओतलं तरी हेच होतं.

फुगलेल्या बुडाचा कुकर दाबाखाली वापरू नका. रिंग, हँडल, शिट्टी बदलता येते, बूड ठोकून सरळ करता येत नाही. झाकण चांगलं असेल तर नुसतं खालचं भांडं मिळतं का ते कंपनीच्या सेवा केंद्रात विचारा. काही कंपन्या देतात.

कंपनीनं माल कमी केलाय का, हे किराणा मोजायच्या काट्यावर कळतं. जुना आणि नवा, दोन्हींची खालची भांडी झाकणाशिवाय तोला. २० सेंटिमीटर व्यासाच्या बुडातला एक मिलिमीटर म्हणजे साधारण ८५ ग्रॅम ॲल्युमिनियम. त्याच मापाचं नवं भांडं, तेही स्टीलची चकती धरून, जुन्यापेक्षा दीडशे-दोनशे ग्रॅमनं हलकं निघालं तर शंकेला जागा उरत नाही. दुकानात हा काटा मागायला लाजू नका. ताटं-पातेली आपण वजनावर घेतो, कुकर मात्र खोक्यावरचं चित्र बघून घेतो.

हँडल डुगडुगायचं कारण बहुतेक वेळा जाळ असतं. मोठ्या बर्नरवर लहान कुकर ठेवला की ज्योत बुडाबाहेर येऊन हँडलच्या पट्टीला चाटते, बेकेलाइट (हँडलचं काळं, कडक प्लॅस्टिक) भाजून ठिसूळ होतं आणि स्क्रूची पकड जाते. कुकर पूर्ण गार असताना स्क्रू आवळा. घट्ट लागला की थांबा, शेवटचा पिळा दिला तर बेकेलाइट तडकतं. स्क्रू आवळूनही हँडल हलत असेल तर भांड्यावरची पट्टी किंवा रिव्हेट ढिली झालीय, ते काम सेवा केंद्राचं.

शिट्टीबद्दल जरा कडक सांगावं लागतंय. दुसऱ्या कंपनीची, ‘बसते की’ म्हणून आणलेली शिट्टी वापरू नका. आतला दाब किती वाढल्यावर वाफ सुटणार हे शिट्टीच्या वजनावर ठरतं. घरगुती कुकरमध्ये तो साधारण प्रति चौरस सेंटिमीटर एक किलो असतो, म्हणून तर आत पाणी १२० अंशांच्या आसपास जातं. शिट्टी जड निघाली तर दाब ठरल्यापेक्षा वर जातो आणि सगळी भिस्त सेफ्टी व्हॉल्व्हवर येते. त्या व्हॉल्व्हमध्ये कमी उष्णतेला वितळणारा मिश्रधातू असतो. तो उडाला म्हणजे पाणी आटलं होतं किंवा वाफेची नळी तुंबली होती. त्याच कंपनीचा नवा व्हॉल्व्ह बसवा. तिथं स्क्रू ठोकून किंवा एम-सील भरून दिलेला कुकर म्हणजे घरात ठेवलेला सुतळी बॉम्ब. असं करून देणाऱ्या माणसाकडे परत जाऊ नका.

रोज झाकण लावण्याआधी वाफेची नळी उजेडाकडे धरा, आरपार दिसली पाहिजे. तुरीची डाळ शिजवताना कुकर निम्म्याच्या वर भरू नका, डाळीत चमचाभर तेल घाला, नाहीतर फेस नळीत चढतो. बाकी पदार्थांना दोन तृतीयांशाची मर्यादा. रिंग साधारण वर्षाला बदलावी. ताणल्यावर जागेवर परत आली नाही किंवा कडक लागली तर आधीच बदला.

नव्या कुकरवर आयएसआयच्या खुणेवर ‘आयएस २३४७’ आणि खाली ‘सीएम/एल’नं सुरू होणारा परवाना क्रमांक पाहा. १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती कुकरला ही खूण सक्तीची आहे. खूण नसलेले कुकर विकू दिल्याबद्दल २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मोठ्या ऑनलाइन विक्री कंपन्यांनाही दंड केला होता. मोबाइलवरच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की परवाना कुणाचा, चालू आहे की संपलाय ते दिसतं. मात्र ही खूण सुरक्षेची किमान अट पुरी झाल्याची आहे. कुकर २२ वर्षं टिकेल असं ती सांगत नाही.

प्रश्न : मुलीच्या रुखवतासाठी स्टीलची सहा ताटं, डबे, पातेली घेतली आणि प्रत्येकावर नाव घालून घेतलं. वर्ष व्हायच्या आत नावाच्या अक्षरांतच तांबूस गंज धरलाय, बाकी भांडं चकचकीत आहे. दुकानदारानं लोहचुंबक लावून दाखवलं होतं, चिकटलं नव्हतं. मग हे अस्सल की नकली? – अशोक चौक

उत्तर : स्टील खोटं नाही, पण हलक्या जातीचं आहे. आणि लोहचुंबकाची परीक्षा या कामाची नाही.

स्टेनलेस स्टीलवर क्रोमियममुळे डोळ्यांना न दिसणारा पातळ थर तयार होतो, तो गंज थांबवतो. ओरखडा पडला तर हवेतल्या प्राणवायूनं थर पुन्हा धरतो. चांगल्या जातीत तो चटकन आणि पक्का धरतो, हलक्या जातीत कच्चा राहतो. नाव कोरताना सुई पत्र्यात शेकडो बारीक खड्डे पाडते. त्या खड्ड्यांत खरकटं, मीठ, साबण अडकून ओल टिकते, आणि थर कच्चा असेल तर पहिला गंज तिथंच. आपल्या भांड्यांवरची अक्षरं भिंगातून पाहा. अक्षराच्या रेघेत गंज असेल आणि दोन रेघांमधला पत्रा स्वच्छ असेल तर हेच झालंय.

आता जाती. ३०४ नंबरच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. निकेल महाग, म्हणून ते कमी करून मँगनीज वाढवलेली २०० ची मालिका आली. २०२ मध्ये निकेल ४ ते ६ टक्के आणि मँगनीज साडेसात ते दहा टक्के असतं. बाजारात ‘जे-फोर’ म्हणतात त्यात निकेल जेमतेम एक टक्का. या तिन्हींना लोहचुंबक धरत नाही. धरतं ते ४३० ला, त्यात निकेल नसतं पण क्रोमियम १६ ते १८ टक्के असतं. गंमत अशी की दाबून ओढलेल्या अस्सल ३०४ च्या काठालाही चुंबक किंचित ओढलं जातं. म्हणजे दुकानातल्या त्या परीक्षेत जे-फोर पास आणि ३०४ नापास होऊ शकतं.

खरी परीक्षा भंगारवाल्यांकडे असते. स्टीलवर टाकायचं एक द्रावण मिळतं. थेंब टाकून छोट्या बॅटरीचा करंट दिला की मँगनीज जास्त असलेल्या स्टीलवर तो लाल होतो. थेंब भांड्याच्या बाहेरून, बुडाला टाकावा आणि नंतर भांडं धुवावं, कारण द्रावण आम्लाचं असतं. ठोक खरेदी असेल तर मोठ्या भंगार व्यापाऱ्याकडे धातू ओळखणारं पिस्तुलासारखं यंत्र असतं, त्यावर निकेलचा आकडा थेट दिसतो. रुखवताची पाच-पन्नास भांडी घ्यायची असतील तर एवढी खटपट करावी.

२०२ ची ताटं घेणं चुकीचं नाही. ताटं, वाट्या, धान्याचे कोरडे डबे यांना ते चालतं. फसवणूक होते ती त्यावर ३०४ चा भाव लावला की. पातेली, चिंचेचं सार, पाण्याची टाकी यांना मात्र ३०४ च घ्या. मीठ आणि लोणचं कुठल्याच स्टीलमध्ये ठेवू नका, त्याला चिनी मातीची बरणी. भाजीत मीठ घालताना पाणी उकळल्यावर घाला. गार पाण्यात टाकलेलं खडे मीठ बुडाशी बसतं आणि तिथं टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे पडतात. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे ते स्टीलच्या पिंपात साठवतात आणि वर टीसीएलचं (ब्लीचिंग पावडरचं) द्रावण टाकतात. क्लोरिन स्टीलचा शत्रू आहे. निर्जंतुक करायचंच असेल तर ते प्लॅस्टिकच्या पिंपात करा.

एक शक्यता राहते. तारेच्या घासणीचे बारीक लोखंडी कण भांड्यावर अडकतात आणि गंजतात ते कण, भांडं नव्हे. डागावर लिंबाची फोड आणि खायचा सोडा लावून दहा मिनिटांनी मऊ कापडानं घासा, धुऊन कोरडं करा. चार दिवसांत डाग परतला नाही तर भांडं निर्दोष. परतला आणि बोटाला खड्डा लागला तर पत्राच गेलाय.

जाडीबद्दल : दुकानदार गेजमध्ये बोलतात, आणि गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. २२ गेज म्हणजे साधारण ०.७१ मिलिमीटर, २४ गेज ०.५६, २६ गेज ०.४६. तीस सेंटिमीटरच्या गोल पत्र्यापासून केलेलं ताट २२ गेजचं असेल तर चारशे ग्रॅमच्या आसपास भरतं, २४ चं तीनशे दहा, २६ चं अडीचशेच्या जरा वर. सहा ताटांत २२ आणि २६ मधला फरक आठशे ग्रॅमच्या पुढे जातो. ताट दोन्ही हातांनी धरून हलकंच पिळा, ‘टक’ असा आवाज करून वळलं तर ते जेवणाचं नाही, आहेरात देऊन टाकायचं ताट आहे. २०२४ मध्ये केंद्र सरकारनं स्टीलच्या भांड्यांसाठी आयएस १४७५६ आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांसाठी आयएस १६६० ही मानकं सक्तीची केली. नव्या खरेदीत हे आकडे पाहा. आणि नाव घालायचंच तर बुडाला, बाहेरच्या बाजूनं घाला.

प्रश्न : घरी शेंगा चटणी करून विकते. रोज चार किलो. जुना मिक्सर १८ वर्षं चालला. त्याच नावाचा ७५० वॅटचा नवा घेतला तर तीन महिन्यांत दोनदा कपलर (मोटार आणि पातं जोडणारा भाग) तुटला, आता जळका वास येतो आणि मधेच बंद पडतो. कंपनी वॉरंटी नाकारते. – चटणी व्यावसायिक, साखर पेठ

उत्तर : ताई, वॉरंटी नाकारली यात कंपनीची बाजू कागदावर बरोबर आहे. घरगुती मिक्सर व्यवसायासाठी वापरला तर वॉरंटी नाही, हे कार्डावर छापलेलं असतं. पण मिक्सर तीन महिन्यांत का थकला हे बघू.

खोक्यावरचे वॅट म्हणजे मिक्सर विजेकडून घेतो ती शक्ती. पात्याला त्यातली किती पोचते हे मोटारीच्या गुंडाळीवर, बेअरिंगवर अवलंबून. तांब्याऐवजी ॲल्युमिनियमच्या तारेची गुंडाळी असेल तर तेवढ्याच वॅटला ती लवकर तापते. खरेदी करताना ‘शंभर टक्के कॉपर वाइंडिंग’ हे बिलावर लिहून मागा, तोंडी नको. रेटिंगही वाचा. ‘३० मिनिटं’ म्हणजे सलग अर्धा तास नव्हे. पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद, असं धरून अर्धा तास.

शेंगदाण्यात वजनाच्या निम्म्याच्या आसपास तेल असतं. गरम दाणे फिरवले की तेल लगेच सुटतं, चटणी पात्याखाली लगद्यासारखी बसते आणि पातं अडतं. या मिक्सरची मोटार कार्बन ब्रशवाली (फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे दोन तुकडे असलेली) असते. भार वाढला की तिचा वेग पडतो आणि करंट वाढतो, करंट वाढला की गुंडाळी तापते. त्यातून तो वास. मग बुडाचं लाल बटण उडतं आणि मिक्सर बंद पडतो. ते बटण मिक्सर वाचवतंय. प्लग काढा, पंधरा मिनिटं थांबा, मग दाबा. दाबून लगेच चालवला की एक दिवस बटण राहील आणि मोटार जाईल.

चटणीची पद्धत अशी ठेवा. दाणे मंद आचेवर भाजून, सालं पाखडून पूर्ण गार करा, शक्य तर आदल्या रात्री भाजा. लहान भांड्यात आधी लसूण, जिरं, मीठ आणि तिखट फिरवा, मग दाणे. एका वेळी १२५ ग्रॅम, भांडं एक तृतीयांशच भरलेलं. सलग फिरवू नका, दोन-तीन सेकंदांचे झटके द्या आणि मधे चमच्यानं खालचं वर करा. चार किलोचे ३२ घाणे होतात. प्रत्येकी ४० सेकंद धरले तरी मोटार २१ मिनिटांच्या वर फिरते. दर सहा-सात घाण्यांनंतर दोन मिनिटं थांबा. मे महिन्यात पारा ४२ च्या वर असतो तेव्हा मोटार सुरुवातच तापलेली करते, म्हणून पहाटे करा. मिक्सरखाली कापड किंवा वर्तमानपत्र नको, हवा खालूनच आत जाते. एवढं करूनही रोज चार किलोसाठी व्यावसायिक यंत्रच हवं. सोलापुरी चटणीचा मूळ पोत उखळातल्या कांडण्याचा आहे, त्यामुळे कांडप यंत्राचा विचार करा, चवही जवळची येईल. काळं तिखट तर मिक्सरला लावूच नका, ते डंकावरचं काम.

कपलर तुटतो ही तक्रार मात्र मागे घ्या. तो रबर किंवा नायलॉनचा असतो तो तुटण्यासाठीच. पातं अडलं तर आधी स्वस्त कपलर जावा, मोटारीचा शाफ्ट नाही, म्हणून. घरी बदलता येतो. प्लग काढा. मिक्सर आडवा करून खालून पाहा, बऱ्याच मॉडेलला शाफ्टच्या खालच्या टोकाला स्क्रूड्रायव्हरची खाच असते, ती धरून ठेवा. आता कपलर पातं ज्या दिशेनं फिरतं त्याच दिशेनं फिरवला की सुटतो. उलट फिरवला तर आणखी आवळतो, बहुतेक कपलर इथंच फुटतात. दिशा कळत नसेल तर पात्याची धार कोणत्या बाजूला आहे ते बघा, पातं धारेच्या बाजूनं पुढे जातं. नवा कपलर नेताना जुना सोबत न्या. आट्यांत आणि दात्यांत फरक असतो.

ब्रशही तपासून घ्या. हवेच्या फटीतून बारीक निळसर ठिणग्या दिसणं नेहमीचं, नारिंगी ठिणग्यांचं कडं दिसलं तर ब्रश संपलेत. दोन्ही एकदम बदलायचे, आणि बदलल्यावर मिक्सर रिकामा, पहिल्या वेगावर दोन-तीन मिनिटं चालवायचा म्हणजे ब्रश गोलाईला बसतात. भांड्याखालून काळं पाणी येत असेल तर बुश (पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी) आणि सील गेलंय. दुरुस्तीवाले बुश बदलून देतात, नवं भांडं लागत नाही. भांडं रात्रभर पाण्यात भिजत ठेवणं हे बुश जायचं पहिलं कारण.

प्रश्न : लहानपणी घरोघरी असलेलं एक नाव मधे बाजारातून गेलं होतं. आता त्याच नावाचे गॅस, मिक्सर, कढया सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या स्टॉलवरही दिसतात. ही तीच कंपनी का? – होटगी रोड

उत्तर : नावावरून कळणार नाही. ब्रँडचं नाव ही विकता येणारी, भाड्यानं देता येणारी वस्तू आहे. मूळ कारखाना बंद पडला तरी नाव दुसरा घेतो. कधी कंपनी तीच असते, पण वस्तू तिसऱ्याच कारखान्यात बनते. खोक्याची मागची बाजू वाचा. पॅकबंद मालाच्या नियमांनुसार उत्पादकाचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीचा क्रमांक छापावाच लागतो. माल आयात असेल तर आयातदार आणि मूळ देशही. ‘उत्पादक’ आणि ‘विक्री’ या दोन ओळींत वेगवेगळी नावं असली म्हणजे वस्तू वाईट असं नाही, पण तुमच्या लहानपणच्या कारखान्याशी तिचा संबंध बहुधा नाही. मग तक्रारीच्या क्रमांकावर फोन करा आणि सोलापुरात सेवा केंद्र कुठं, या मॉडेलचा कपलर, बर्नर किंवा रिंग आज मिळते का, एवढं विचारा. फोन लागला नाही तर खोकं खाली ठेवा. ज्या स्टॉलवर पक्कं बिल मिळत नाही तिथं तर वळूच नका.

प्रश्न : पहिला नॉनस्टिक तवा सात वर्षं चालला, त्याच कंपनीच्या नव्याचा थर सात महिन्यांत पापुद्र्यासारखा निघाला. रोज ज्वारीची भाकरी करतो. – बाळे

उत्तर : भाकरीला हा तवा नकोच. नॉनस्टिकचा थर साधारण २६० अंशांच्या वर खराब व्हायला लागतो, आणि दोन भाकऱ्यांच्या मधे मोठ्या आचेवर रिकामा राहिलेला तवा काही मिनिटांत तिथं पोचतो. पहिला तवा सात वर्षं टिकला असेल तर तो बहुधा धिरडी-डोशाला वापरला असावा. दर्जाही घसरलाय हे खरं. स्वस्त तव्यांत सपाट पत्र्यावर रोलरनं थर देऊन मग पत्रा दाबून आकार देतात, वळणाच्या जागी थर ताणलेला राहतो आणि तिथूनच सुटतो. आधी आकार देऊन मग फवारलेला थर जास्त टिकतो.

भाकरीला बिडाचा किंवा जाड लोखंडी तवा घ्या. २८ सेंटिमीटर व्यासाचा, चार मिलिमीटर जाडीचा बिडाचा तवा पावणेदोन किलोच्या आसपास भरतो. लाकडी दांड्यानं टिचकी द्या, घंटेसारखा खणखणीत वाजला पाहिजे. बद्द वाजला तर आत चीर आहे. घरी आणल्यावर साबणानं एकदाच खसखसून धुवा, कारण दुकानात काळा दिसावा म्हणून त्यावर तेल किंवा मेण असतं. विस्तवावर कोरडा करा, शेंगदाण्याच्या तेलाचा अगदी पातळ हात पुसून धूर येईपर्यंत तापवा, गार होऊ द्या. असं चार वेळा. तेल जास्त झालं तर थर चिकट राहतो. पहिल्या आठ-दहा भाकऱ्या चिकटतील, त्या गुरांना द्या. नंतर नुसतं गरम पाणी आणि नारळाची शेंडी, साबण नको. तापल्या बिडावर गार पाणी ओतलं तर तडा जातो.

प्रश्न : स्टीलच्या थर्मासमध्ये चहा तासात गार होतो. दुरुस्त होतो का? – शेळगी

उत्तर : नाही. उकळतं पाणी भरून दहा मिनिटांनी बाहेरून हात लावा. अंग कोमट लागलं तर दोन भिंतींमधली निर्वात पोकळी गेलीय. फक्त झाकण गरम लागत असेल तर रबरी वॉशर बदला, तेवढ्यानं सुधारेल.

प्रश्न : दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी दुकानदाराकडे. सामान्य माणसानं काय करावं? – विजापूर रोड

उत्तर : आधी कंपनीला लेखी तक्रार द्या, ई-मेल चालतो. मॉडेल, खरेदीची तारीख, दोष आणि तुम्हाला काय हवंय (दुरुस्ती, बदली की पैसे) एवढं चार ओळींत. पंधरा दिवस वाट पाहून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंदवा. बरीच प्रकरणं इथंच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता तिथल्या आयोगाकडेच तक्रार करता येते, कंपनी मुंबईची असो की दिल्लीची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. तुटलेला भाग टाकू नका, दुरुस्तीवाल्यालाही देऊ नका, पुरावा तोच. बिल मशीनवरच्या गुळगुळीत कागदाचं असेल तर दुकानाच्या पायरीवरच त्याचा फोटो काढा. सोलापूरच्या एका उन्हाळ्यात त्यावरची अक्षरं उडतात.